फळ्यावरच्या ओळीखाली

कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत दाराशेजारच्या भिंतीवर सिमेंटचा एक चौकोन गुळगुळीत करून त्याला काळा रंग दिलेला होता, आणि परिपाठाच्या आधी त्या फळ्यावर सुविचार लिहिण्याचे काम हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येकाकडे येत असे. माझी पाळी आली तेव्हा मी सातवीत होते. दिनदर्शिकेच्या पानामागे सापडलेले ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे दोन शब्द मी पिवळ्या खडूने लिहिले आणि उरलेली जागा रिकामी दिसू नये म्हणून चारही बाजूंनी वेलबुट्टी काढली. मराठीच्या बाई फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. अक्षर चांगले आहे, असे म्हणून त्यांनी विचारले, “हे तुझ्या घरात कुणाच्या बाबतीत खरं झालेलं तू स्वतः बघितलंस?”

मला काहीच सांगता आले नाही. “उद्या सांग,” एवढेच म्हणून त्या वर्गाकडे गेल्या.

त्या वर्षी गावात प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले होते. माझी आई रात्री भांडीकुंडी आवरल्यावर परातीत थोडे पीठ पसरून त्यात बोटाने स्वतःचे नाव गिरवत असे. तिच्या नावातले जोडाक्षर तिला साधत नसे. मग ती तळहाताने पीठ सारखे करी आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करी. हे मी कित्येक आठवडे रोज पाहत होते, पण त्याचा फळ्यावरच्या वाक्याशी काही संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर अंगठ्याच्या जागी तिची सही आली होती, एवढे मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितले. “मग हेच त्या ओळीखाली लिही,” त्या म्हणाल्या. ओळीखाली जागा नव्हती, कारण तिथे माझी वेलबुट्टी होती. बाईंनी डस्टर घेतले आणि ती पुसून टाकली.

सुविचार, प्रेरणेची वाक्ये, थोरांची वचने यांचा माणसाच्या घडणीला आणि लेखनाला खरोखर उपयोग होतो का, याचा विचार करायला बसले की मला तो पुसलेला फळा आठवतो. उपयोग होतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो कसा होतो हे मला फार उशिरा समजले आणि समजेपर्यंतची जवळजवळ वीस वर्षे मी नेमके उलटे करत राहिले.

त्या वीस वर्षांत मी वचने जमवली. शंभरपानी वहीत विषयवार रकाने पाडून परिश्रम, वेळ, आई, मैत्री, देशप्रेम अशा मथळ्यांखाली मी ती उतरवून ठेवी. वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री त्या वहीतून चार-पाच वाक्ये उचलली की भाषण उभे राही. निबंधाच्या आरंभी एक, मध्ये दोन आणि शेवटी एक, असा माझा बेत ठरलेला असे आणि त्याला गुणही चांगले मिळत. त्या वहीचे माझ्यावर उपकार आहेत. घरात वर्तमानपत्रही नियमित येत नव्हते अशा खेड्यातल्या मुलीला मराठी वाक्याची लय, त्याचा तोल, क्रियापद कुठे ठेवले की वाक्याला जोर येतो, हे सारे त्या पाठांतरातून कळत गेले. व्यासपीठावर उभे राहताना पाय लटपटत, तेव्हा कुणा थोराच्या पहिल्या वाक्याचा आधार मिळे आणि त्याच्या जोरावर पुढचे दुसरे वाक्य माझे स्वतःचे येई. घाबरलेल्या माणसाला असा आधार देणे हे काम लहान नाही.

अडचण पुढे आली. मोठेपणी मी साताऱ्यात एका कार्यालयाच्या लेखाविभागात नोकरीला लागले, मधूनमधून लिहू लागले, पण वही सुटली नाही.

२००८ साली आबा, म्हणजे माझे वडील, गेले. त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवला. संपादकांनी तो परत केला, पण न वाचता परत केला नव्हता. पेन्सिलीने अकरा वाक्यांखाली रेघा मारल्या होत्या आणि समासात लिहिले होते की, ही वाक्ये तुमच्या वडिलांना कधीही न भेटलेल्या माणसालाही लिहिता आली असती. मला फार राग आला. पुढचे काही आठवडे ते पाकीट मी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिले होते. मग एका रविवारी रेघा मारलेली अकराही वाक्ये वगळून मी लेख पुन्हा उतरवून काढला, तेव्हा चार पानांचे जेमतेम सव्वा पान उरले आणि त्या सव्वा पानात आबा दोनदाच दिसत होते. एकदा ते विहिरीवर उभे होते आणि एकदा दवाखान्यात होते. बाकी सगळीकडे कष्ट होते, त्याग होता, घामाचे मोती होते, पण माणूस नव्हता.

हे फक्त लेखनातले उणेपण असते तर मी ते दुरुस्त करून मोकळी झाले असते. पण त्या अकरा वाक्यांतल्या एका वाक्याने मला पुढे कित्येक दिवस झोप लागू दिली नाही. ‘कष्टाचे फळ मिळाल्यावाचून राहत नाही’, असे मी आबांविषयी लिहिले होते, आणि ते खोटे आहे हे मला माहीत होते.

आमच्याकडे आल्याचे पीक असे. सातारी आले ज्यांनी बाजारात घेतले आहे त्यांना ते कंद माहीत असतात, पण ते जमिनीत किती नाजूक असतात हे माहीत असण्याचे कारण नाही. मी नोकरीला लागले त्याच्या आसपास एका पावसाळ्यात पाऊस हटायलाच तयार नव्हता. गादीवाफ्यांच्या मधल्या सऱ्यांत पाणी साचून राहिले आणि कंदकूज लागली. या रोगात पानांचे शेंडे आधी पिवळे पडतात, मग खोडाला हात लावला तर ते बुडातून अलगद सुटून येते, आणि खाली कंद मऊ, पाणचट होऊन त्याला वास सुटलेला असतो. आबांनी पावसात उभे राहून चर काढले, सांगितलेली सगळी औषधे ओतली, आणि दिवाळीपर्यंत अर्ध्याहून अधिक रान हातचे गेले. पीक चांगले आले असते तर त्या पैशांत सोसायटीचे कर्ज फिटणार होते. त्या दिवसांत घरी आलेले एक पाहुणे ओसरीवर चहा घेता घेता आबांना म्हणाले, “माणसानं कष्ट सोडू नयेत बघा, कष्टाचं फळ मिळतंच.” ते चांगल्या भावनेने बोलले, याबद्दल मला शंका नाही. आबांनी कपबशी खाली ठेवली, “व्हय,” एवढेच म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले. ते वैरण घालायला गेले नव्हते, कारण वैरण घालून झाली होती.

तेच वाक्य मी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावरच्या लेखात लिहिले. इतके सवयीचे झाले होते ते, की लिहिताना ओसरीवरची ती संध्याकाळ मला आठवलीसुद्धा नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझी समजूत अशी झाली आहे की, प्रेरणेचे वचन हे मुळात स्वतःशी बोलायचे वाक्य असते. ‘केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे’ हे मी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला सांगितले तर ते मला उठवते. हेच मी कूज लागलेल्या रानाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला सांगितले तर तो त्याच्यावरचा निवाडा होतो, कारण त्यातून न बोलताच असे सुचवले जाते की, त्याने करायचे ते केले नसावे. लेखनात हा धोका अधिक असतो, कारण समोरचा माणूस उठून गोठ्यात जाऊ शकत नाही. तेव्हापासून मी एक पथ्य पाळत आले आहे: दुसऱ्याच्या दुःखाविषयी लिहिताना एकही सुविचार वापरायचा नाही, आणि स्वतःच्या आळसाविषयी लिहिताना हवे तेवढे वापरायचे.

आता त्या वचनाकडे वळते, ज्याने माझे लेखन प्रत्यक्षात बदलले. ‘दिसामाजी काही तरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे’ ही समर्थ रामदासांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ओळ आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने शाळेत, ग्रंथालयात, वहीच्या मुखपृष्ठावर कुठे ना कुठे वाचलेली आहे. पुष्कळ ठिकाणी तिच्याखाली ‘दासबोध’ असे छापलेले असते, पण दासबोध ओवीबद्ध आहे आणि ही ओळ भुजंगप्रयात वृत्तात आहे, म्हणजे मनाच्या श्लोकांच्या चालीवर ती सहज म्हणता येते. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायलासुद्धा मला ती ओळ मोठ्याने म्हणून पाहावी लागली. २०११ सालच्या गुढीपाडव्याला मी ती एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि ठरवले की, या वहीत दुसरे एकही वचन उतरवायचे नाही. ही ओळ जे करायला सांगते ते रोज दहा ओळी करायचे.

पहिले काही आठवडे दहा ओळी भरणे कठीण नव्हते. सूर्योदय, पाऊस, आठवणी असे बरेच काही साठलेले होते. जून उजाडेपर्यंत ते सगळे संपले. एका रात्री वही उघडून बसले असता मला लिहिण्यासारखे काहीच सुचेना, आणि तेव्हा त्या ओळीतले ‘काही तरी’ हे शब्द मला पहिल्यांदा नीट दिसले. उत्तम लिहावे, उदात्त लिहावे, असे ती ओळ म्हणत नाही. काही तरी लिहावे, असे म्हणते. मग मी त्या दिवशी भावाने फोनवर सांगितलेला आल्याचा दर लिहून ठेवला. आमच्याकडे आल्याचा दर गाडीवर चालतो आणि गाडी म्हणजे पाचशे किलो. हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण कागदावर कधी लिहिले नव्हते. ते लिहिल्यावर गाडी हा शब्द कुठून आला असेल, बैलगाडीत तेवढाच माल बसत असेल का, असे विचार सुचू लागले आणि दहाच्या जागी सोळा ओळी झाल्या.

लेखाविभागात काम करणाऱ्या माणसाला आकड्यांची लाज वाटू नये, पण मला वाटत होती. साहित्य म्हणजे आकडे सोडून उरलेले सगळे, अशी माझी समजूत होती. त्या वहीने ती मोडली. विहीर किती परस, म्हणजे किती पुरुष, खोल होती, आईच्या डब्यात किती भाकऱ्या असत, कोरेगावला जाणारी पहिली एसटी चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत किती वेळ उभे राहावे लागे, अशा गोष्टी पानांवर येऊ लागल्या आणि विशेषणे आपोआप कमी होत गेली. मी ती कमी करायची असे ठरवले नव्हते.

‘प्रसंगी अखंडित वाचीत जावे’ हा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका पाळता आलेला नाही. नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून रोज लिहिता येते, पण अखंडित वाचायला सुटीचा दिवस लागतो, आणि सुटीच्या दिवशी गावी जावे लागते. असो.

त्याच काळात सज्जनगडावर गेले असताना तिथे नेमाने येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचायला सांगितला. साताऱ्यापासून पंधरा किलोमीटरवरच्या त्या गडावर मी लहानपणापासून किती वेळा गेले असेन, त्याची गणती नाही. पण समर्थांनी लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी काही तरी उदात्त, अंतःकरण हलवणारे मिळेल अशा अपेक्षेने तो वाचायला घेतला. त्यात अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळी असावी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, असे सांगितले आहे. कडेला समास सोडावा, म्हणजे पुढे कागदाची किनार झडली तरी अक्षर झडणार नाही, असे सांगितले आहे. आणि ग्रंथातले पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटपर्यंत यावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा, असे सांगितले आहे.

दहा वर्षे लागोपाठ लिहून पाहिलेल्या माणसाला या शेवटच्या सूचनेत काय आहे ते कळेल. पहिले पान सगळेच मन लावून लिहितात. चाळिसाव्या पानावर हात दुखत असतो, दिवा मंद झालेला असतो, आणि पुढे वाचणारा इथवर येईलच याची खात्री नसते. तिथेही पहिल्या पानाइतकेच नीट अक्षर काढायचे, ही अपेक्षा त्या ओवीत आहे, आणि ती सांगताना धैर्य, चिकाटी, ध्येय यांपैकी एकही शब्द तिथे लागत नाही. टाक, शाई आणि ओळ एवढ्यावर काम भागते. मला स्वतःला प्रेरणा मिळते ती अशा बोलण्यातून. ज्याने काम केले आहे त्याने कामाचा एखादा बारकावा सांगितला की, माझे हात शिवशिवू लागतात.

वचनांच्या बाबतीत आणखी एक सवय मी लावून घेतली आहे, ती म्हणजे वचन जिथून आले त्या जागी जाऊन ते पूर्ण वाचायचे. आमच्या शाळेच्या भिंतीवर तेलरंगाने लिहिले होते: विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली. खाली महात्मा जोतीराव फुले असे नाव. फुल्यांचे मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्याच खटाव तालुक्यातले, सावित्रीबाईंचे नायगाव खंडाळा तालुक्यातले, त्यामुळे ही ओळ आम्हाला आमच्या घरची वाटे. अभ्यास करा, शाळा सोडू नका, असा तिचा अर्थ आम्ही घेत असू. चाळिशीत मी ‘शेतकऱ्याचा असूड’ हे १८८३ साली लिहिलेले पुस्तक हाती घेतले, तेव्हा आरंभीच ती ओळ भेटली, पण ती तिथे थांबत नव्हती. गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले, असा तिचा शेवट होतो.

भिंतीवर जागा कमी पडली म्हणून रंगाऱ्याने पुढच्या ओळी सोडल्या असतील. परंतु त्या सुटल्यामुळे वाक्याचा स्वभावच पालटला होता. भिंतीवरच्या तीन ओळी विद्यार्थ्याला उपदेश करत होत्या, तर पुस्तकातल्या सहा ओळी एका समाजाला कसे नागवले गेले याची कारणमीमांसा करत होत्या आणि कोण खचले त्याचे नाव घेत होत्या. आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती रचना किती घट्ट आहे! प्रत्येक ओळीत जे गेले, त्याच्याच अभावाने पुढची ओळ सुरू होते. मतीवरून नीतीवर, नीतीवरून गतीवर, गतीवरून वित्तावर अशी साखळी ओढत ती वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत नेते, आणि मधली एकही कडी काढता येत नाही. युक्तिवाद कसा बांधावा हे मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने इतके स्वच्छ शिकवले नाही. एरवी मोबाइलवर सकाळी सकाळी येणारी वचने, ज्यांच्याखाली कधी एका थोराचे तर कधी दुसऱ्याचे नाव असते, ती मी पुढे पाठवत नाही याचे कारण हेच आहे की, त्यांना घर नसते. ती कुठल्या पानावरून आली, त्यांच्या आधी काय होते आणि नंतर काय होते, हे शोधायला गेले की हाती काही लागत नाही.

घर असलेल्या वचनांत मला सर्वांत जवळचे वाटते ते ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. माझे मामा रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका योजनेत काम करून शिकले. ते ब्रीदवाक्य मामांनी आम्हा भाचरांना कधी ऐकवल्याचे मला आठवत नाही. पण सत्तरी ओलांडल्यावरही ते स्वतःचे ताट स्वतः घासत आणि त्याविषयी कुणी काही म्हटले तर “बोर्डिंगची सवय” एवढेच उत्तर देत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले, हा इतिहास आम्हा सातारकरांना पाठ असतो. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करत. त्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करून अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या काळात एका विवाहित स्त्रीने गळ्यातले मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आमच्या आज्यांना विचारावे. ब्रीदवाक्यातला ‘आमचे’ हा शब्द वाचताना मला कर्मवीरांच्या आधी त्या आठवतात.

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी १९५८ साली मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात म्हटले की, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य आज फलकांवर असते, आणि असायलाही हवे. पण वाटेगावापासून मुंबईपर्यंत बापाबरोबर पायी चालत गेलेला, शाळेत दीड दिवस बसलेला माणूस ते बोलत होता, हे जोपर्यंत ध्यानात असते तोपर्यंतच त्यातला ‘तळहात’ हा शब्द मला खरा, घट्टे पडलेला दिसतो.

मी राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, सैन्यभरती यांसाठी खेड्यांतून आलेली मुले-मुली तिथे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. प्रत्येकाच्या टेबलासमोरच्या फळीवर काही ना काही चिकटवलेले असते. ही वाक्ये पाहून काही सुशिक्षित माणसे हसतात, ते मला अजिबात आवडत नाही. घरून आलेल्या पैशात एक वेळची खानावळ लावून, दोन-दोन वर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाला संध्याकाळी सहा वाजता पुस्तकासमोर बसवून ठेवणारे एखादे वाक्य मिळाले असेल, तर त्या वाक्याचा मान राखला पाहिजे.

त्यांतल्या एका मुलीने भरतीच्या तयारीसाठी ‘थांबला तो संपला’ ही जुनी म्हण मोठ्या अक्षरात लिहून लावली होती. पहाटे ती शाहू स्टेडियमवर आठशे मीटर धावण्याचा सराव करून येई आणि त्या म्हणीखाली पेन्सिलीने त्या दिवसाची वेळ लिहून ठेवी. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तीन मिनिटे एक्केचाळीस सेकंदांपासून सुरुवात होती. मध्ये एका ओळीत ‘पाय मुरगळला’ असे होते आणि नंतरच्या नऊ तारखांपुढे काहीच नव्हते, फक्त तारखा होत्या. त्यानंतर पुन्हा तीन अठ्ठावीस, तीन एकोणीस, तीन बारा. तिला एका स्पर्धेसाठी स्वतःच्या तयारीवर निबंध लिहायचा होता आणि तो पाहून द्यावा म्हणून ती माझ्याकडे आली. निबंधाच्या आरंभी एक वचन होते, मध्ये दोन होती आणि शेवटी एक होते. मला माझी शंभरपानी वही समोर आल्यासारखे वाटले. मी तिला एवढेच सुचवले की, हे सगळे राहू दे, पण तुझ्या फळीवरचा तो कागद जसाच्या तसा निबंधात उतरव आणि त्या नऊ रिकाम्या तारखांना तू काय करत होतीस ते लिही. ती म्हणाली, “त्यात काय लिहायचं काकू, खोलीवर बसून रडत होते.” दोन दिवसांनी तिने जे आणून दिले, त्यातला तो नऊ दिवसांचा भाग वाचताना मला मध्येच थांबावे लागले. म्हण तिने काढली नव्हती. ती कागदाच्या वरच्या बाजूला होती तशीच निबंधातही पहिल्या ओळीत होती, आणि खाली तिचे दिवस होते.

आबांवरचा लेख मी त्यानंतर पुन्हा हाती घेतला. गेल्या काही वर्षांत त्याचे आठ खर्डे झाले होते. नवव्यात ओसरीवरचा चहा आला, कपबशी आली, गव्हाणीशी उभे राहिलेले आबा आले. त्यांना वाईट वाटले असे मी कुठेही लिहिलेले नाही. अक्षय्य तृतीयेला गावी गेले, तेव्हा तो बरोबर नेला. भाऊ त्या दिवशी मुहूर्तापुरते चार वाफे आले लावून दुपारी घरी आला होता. जेवण झाल्यावर मी त्याला लेख वाचून दाखवला. तो मान खाली घालून ऐकत होता, मध्ये काहीच बोलला नाही. शेवटचे पान संपल्यावर त्याने कागद माझ्या हातातून घेतले आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवले.

“आक्का, हितं तू लागवड लिवलंय.”

“मग?”

“आबा कधी लागवड म्हणालं नाहीत. लागण म्हणायचे.”

मी पेन काढले आणि तो शब्द बदलला. मग आम्ही दोघांनी मिळून पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.